घाट, शाळा आणि गुंठा

आपल्याकडे महानगरांचे इतिहास लिहिले जातात आणि खेड्यांविषयी कळवळ्याने बोलले जाते. परंतु या दोहोंच्या मधोमध उभी असलेली जी कसब्याची गावे, जेथे मामलेदाराची कचेरी, दिवाणी न्यायालय, आठवड्याचा बाजार, एखादे नामांकित देवस्थान आणि आसपासच्या खेड्यापाड्यांचा राबता असतो, त्यांच्या स्वभावात कालपरत्वे पडत गेलेल्या फरकाचा विचार सहसा कोणी स्वतंत्रपणे करीत नाही. कृष्णाकाठचे वाई हे अशाच गावांपैकी एक होय. आदिलशाहीत ते सुभ्याचे ठिकाण होते व अफझलखान तेथला सुभेदार होता. पेशवाईत रास्ते घराण्यामुळे त्याला ऐश्वर्य आले. इंग्रजी अमलात ते तालुक्याचे गाव झाले, परंतु पुण्याहून मिरजेकडे निघालेली रेल्वे वाठारवरून परस्पर गेल्यामुळे ते आडबाजूलाच राहिले. आज तेथे नगरपालिका आहे, औद्योगिक वसाहत आहे, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे तेथील वस्ती छत्तीस हजारांच्या आसपास आहे.

या गावाविषयी तेथील दोन जाणत्या गृहस्थांचा वाद मी पुष्कळदा ऐकला आहे. एक निवृत्त शिक्षक. नदीकाठच्या जुन्या आळीत जन्मलेले, संस्कृत व मराठी शिकवण्यात ज्यांचे आयुष्य गेले असे. दुसरे वकील, तालुक्याच्या पश्चिमेकडील एका डोंगराळ खेड्यातले, वडील मुंबईच्या गिरणीत नोकरीला असताना आईजवळ राहून रयत शिक्षण संस्थेच्या शाळेत शिकलेले. दोघांचा एकमेकांविषयीचा आदर इतका पक्का आहे, की मतभेद मोकळेपणाने बोलून दाखवण्याचे भय त्यांना कधी वाटत नाही. त्यांच्या म्हणण्याचा सारांश शक्य तितका त्यांच्याच शब्दांत पुढे देतो.

गुरुजी : वकीलसाहेब, गाव वाढले याचे मला दुःख नाही, गाव वाढायचेच. मला खटकते ते असे, की वाढता वाढता गावाची काही एक दृष्टीच हरवली. गणपती घाटावरील ढोल्या गणपतीचे देऊळ पाहा. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी ते १७६२ साली बांधले. देवळाची मागील भिंत सरळ न बांधता नावेच्या नाळेसारखी निमुळती बांधली आहे; कारण कृष्णेला पूर आला म्हणजे लोंढा त्या टोकावर फुटावा, दोन्ही अंगांनी निघून जावा आणि गाभाऱ्याला धक्का लागू नये. ज्या माणसाने ही भिंत बांधवून घेतली, त्याने आपल्या हयातीतल्या पुराचाच तेवढा विचार केला नाही; आपल्यामागे दहा पिढ्यांनी येणाऱ्या, ज्यांची नावेही त्याला ठाऊक नव्हती अशा माणसांचा विचार केला. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, रामडोह, अशी प्रत्येक आळी आपल्या घाटाने ओळखली जाई, आणि कृष्णाबाईचा उत्सव घाटाघाटांवर पाळीपाळीने होई. आज वाडा पडतो आणि त्या जागी चार मजली इमारत उठते. तिच्या पायऱ्या रस्त्यावर येतात आणि तिचे सांडपाणी नदीत जाते. बांधणाऱ्याची नजर सदनिका विकून होईपर्यंतच पोहोचते.

वकीलसाहेब : गुरुजी, त्या भिंतीचे कौतुक मलाही आहे. परंतु आपण ज्याला गावाची दृष्टी म्हणता, ती कोणाकोणाला आपल्या दृष्टिपथात घेत होती, हेही पाहिले पाहिजे. घाटाचा दगड सरंजामाच्या वसुलातून आला, आणि तो वसूल ज्या रयतेने भरला तिचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही. महसूलखात्यात नोकरी केलेल्या त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला, तेव्हा वतन आणि बलुते यांच्या व्यवस्थेने कुणबी कसा पिळला जात होता हे त्यांनी इतक्या जवळून पाहिले होते, की तो ग्रंथ वाचल्यावर जुन्या गावाविषयी केवळ गोड बोलणे जड जाते. शिवाय घाट सगळ्यांचा, हे विधानही तपासून घ्यावे लागेल. सह्याद्री ओलांडून खाली उतरले की महाड लागते. तेही आपल्यासारखेच बाजारपेठेचे गाव. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत असा बोल्यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने १९२३ साली संमत केला, महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी आपले चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. तरी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांना सहस्रावधी माणसे घेऊन तेथे जावे लागले, आणि न्यायालयातील वादाचा अखेरचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ओंजळभर पाण्याला दहा वर्षे! अशा काळातल्या गावाला दृष्टी होती असे म्हणताना, त्या दृष्टीच्या कक्षेबाहेर किती माणसे उभी होती तेही सांगावे लागते.

गुरुजी : ते सांगितलेच पाहिजे, आणि मी ते झाकू इच्छीत नाही. परंतु त्या अन्यायावरचे एक शस्त्र याच गावात, याच आळ्यांत घडले, हेही आपण लक्षात घ्यावे. कुलाबा जिल्ह्यातून नारायणशास्त्री मराठे येथे विद्यार्थी म्हणून आले, आणि पुढे केवलानंद सरस्वती या नावाने प्रसिद्ध झाले. त्यांनी प्राज्ञपाठशाळा उभी केली. खानदेशातील पिंपळनेरचा एक पोरसवदा मुलगा त्या पाठशाळेत आला आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी झाला. १९१७ च्या सुमारास विनोबा भावे गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन येथेच शास्त्राध्ययनासाठी राहिले. या मंडळींनी पोथ्या बासनात बांधून ठेवल्या नाहीत. अस्पृश्यतेला शास्त्राचा आधार नाही हे त्यांनी शास्त्रार्थ करून दाखवले, आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना त्या वादात लक्ष्मणशास्त्री त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९३३ साली देवदास गांधी आणि राजाजींची कन्या यांचा आंतरजातीय विवाह लागला, त्याचे पौरोहित्य वाईच्याच शास्त्रीबुवांनी केले. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाल्यावर मराठी विश्वकोशाचे काम निघाले, तेव्हा त्याचे कार्यालयही मुंबई-पुण्याला न राहता येथेच आले, आणि १९७६ साली त्याचा पहिला खंड बाहेर पडला. परगावच्या मुलाला अन्न, आसरा आणि ग्रंथ देऊन आपल्याच रूढीविरुद्ध युक्तिवाद करण्याइतका शहाणा करून सोडणे, हा जुन्या वाईचा गुण होता. तो दगडी घाटापेक्षाही मोठा मानावा लागेल.

वकीलसाहेब : मान्य. परंतु तो प्रकाश आमच्या खोऱ्यापर्यंत फार मंद होऊन पोहोचला. आमच्या घरी काळ बदलला तो तीन गोष्टींनी, आणि त्यांपैकी एकही शास्त्रार्थातून निघालेली नाही. पहिली कुळकायदा. माझ्या आजोबांचे नाव सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात होते. जमीन कसायची आम्ही, कब्जेदार म्हणून नाव मात्र गावातल्या सावकाराचे. १९४८ च्या कायद्यात दुरुस्ती होऊन १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला, आणि कसणारी कुळे त्या दिवसापासून जमिनीची खरेदीदार मानली गेली. पुढे हप्ते भरून झाल्यावर कलम ३२ म चे प्रमाणपत्र मिळाले, फेरफार मंजूर झाला, आणि आजोबांचे नाव एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेले. कागदावर ते अंतर दोन बोटांचे असेल. पण त्यानंतर आजोबा बाजारच्या दिवशी सावकाराच्या ओट्याखाली उभे राहिले नाहीत. दुसरी गोष्ट शाळा. कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली नसती, तर आमच्यासारख्यांना वकिलीची सनद कशी असते तेही कळले नसते. आणि तिसरी एस. टी. पहिली गाडी १९४८ च्या जूनमध्ये पुण्याहून नगरला गेली, आणि पुढे काही वर्षांत ती आमच्या वाडीच्या फाट्यापर्यंत आली. एस. टी.च्या बाकावर कोणी कोणाशेजारी बसावे हे ठरवण्याचा अधिकार गावातल्या कोणालाच नव्हता.

गुरुजी : त्या तिन्ही गोष्टींचे मोल मी कमी करीत नाही.

वकीलसाहेब : आपण करणार नाही, हे मी जाणतो. म्हणून एक दृश्य आपल्यासमोर ठेवतो. सकाळी दहाच्या सुमारास वाईच्या स्थानकावर उभे राहा. जोर-जांभळीच्या खोऱ्यातून, बावधनकडून, भुईंजकडून गाड्या येऊन लागतात, आणि प्रत्येक गाडीतून आधी मुली उतरतात. अहिल्याबाई होळकर योजनेचा पास गळ्यात, पाठीला दप्तर. रसवंतीगृहावरून त्या सरळ शाळा-महाविद्यालयांच्या वाटेला लागतात. त्यांच्या आज्या या गावात आल्या त्या माळव्याची पाटी डोक्यावर घेऊन, आणि दिवस मावळायच्या आत परतल्या. जुन्या वाईचा स्वभाव बदलला असे आपण म्हणता. मी म्हणतो, त्याच गावात आत शिरण्याची वाट पहिल्यांदाच सगळ्यांना मोकळी झाली.

येथे गुरुजी काही वेळ स्तब्ध राहिले. त्यांनी त्या मुलींपैकी पुष्कळींना शिकवले होते, आणि वकीलसाहेबांच्या बोलण्यातील सत्य त्यांना वर्गात रोज भेटलेले होते. पुन्हा बोलू लागले तेव्हा त्यांनी वादाची जागा बदलली. आणि मला वाटते, विषयाचे खरे मर्म तेथेच उघड झाले.

गुरुजी : मग आपण असे करू. जुने चांगले की नवे चांगले हा प्रश्न बाजूला ठेवू. प्रत्येक काळात या गावात जी संपत्ती आली, तिने जाताना सर्वांच्या उपयोगाचे म्हणून मागे काय ठेवले, एवढाच हिशेब मांडू. सरंजामाची संपत्ती आली. तिच्या मुळाशी अन्याय होता हे आपण सांगितलेत, तरी तिने घाट आणि देवळे ठेवली, आणि आज त्या घाटावर कोणीही उतरू शकतो. स्वातंत्र्यानंतर सहकाराची संपत्ती आली. भुईंजला किसन वीरांच्या नावाचा साखर कारखाना उभा राहिला, आणि वाईत त्यांच्याच नावाचे महाविद्यालय चालते, जेथे त्या मुली जातात. धोमचे धरण झाले, कालव्याचे पाणी आले, ऊस आणि हळद वाढली. त्या पैशातला काही अंश शाळांना, वाचनालयांना, वसंत व्याख्यानमालेला मिळाला. आता तिसरी संपत्ती आली आहे ती गुंठ्याची. पुण्याहून येणारा महामार्ग चौपदरी झाला, पाचगणी-महाबळेश्वरला जाणाऱ्यांची रीघ पसरणीच्या घाटाखाली थांबू लागली, आणि कालवर जी जमीन एकरात मोजली जात होती ती गुंठ्यात मोजली जाऊ लागली. एकराचे चाळीस तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्याला जुन्या एकराहून अधिक मोल आले. या संपत्तीने गावासाठी मागे काय ठेवले ते मला दाखवा.

वकीलसाहेब : प्रश्न योग्य आहे; मात्र तो कोणाला विचारायचा हे जपून ठरवले पाहिजे. खरेदीखत नोंदवायला जो शेतकरी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत माझ्याबरोबर बसतो, त्याची स्थिती मी पाहतो. हळदीचा भाव त्याच्या हातात नाही, उसाचे बिल वेळेवर येईल याची शाश्वती नाही. आज्याची जमीन चुलत्या-पुतण्यांत वाटली जाऊन त्याच्या वाट्याला वीसेक गुंठे उरलेले, आणि सातबाऱ्यावर बहिणींसह सगळ्या वारसांची नावे. मुलीचे अभियांत्रिकीचे शुल्क आणि बापाचे औषधपाणी यांसाठी तो निम्मे विकतो. शेकडो वर्षांत त्याच्या घराण्याकडे विकण्याजोगे, आणि आपल्या मर्जीने विकण्याजोगे, पहिल्यांदा काही आले आहे. त्याने घाट बांधावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. आणि जुन्या आळ्यांचे तरी वेगळे काय झाले? ज्या वाड्यांसाठी आपण हळहळता, त्यांचे वाटपाचे दावे माझ्याच दप्तरात आहेत. एक वारस पुण्यात, एक ठाण्यात, एक अमेरिकेत. चौकातली विहीर कोणाच्या हिश्श्याला, यावर तारखा पडतात, आणि मधल्या काळात पावसाने माळवद खाली येते. शेत असो वा वाडा, दोहोंचा शेवट गुंठ्यातच झाला.

गुरुजी : विकणाऱ्या कुणब्याला मी विचारीतच नाही. विकत घेऊन, रेखांकन मंजूर करवून, बिनशेती करून जो त्याचे तुकडे पाडतो, त्याला विचारतो. आणि तेथे बंगला बांधून राहणाऱ्याला विचारतो. आमच्या घरामागून फिरायला जाताना एका नव्या वसाहतीतून वाट जाते. नकाशावर तिथे एक चौकोन हिरवा दाखवलेला आहे. प्रत्यक्षात त्या चौकोनात कमरेइतके गाजरगवत माजले आहे, एका कोपऱ्यात फुटक्या फरशांचा राडारोडा आहे, आणि दोन बाजूंना शेजारच्यांनी आपापले कुंपण हातभर पुढे सरकवले आहे. त्या वसाहतीत पोरे आहेत, पण ती रस्त्यावर खेळतात. म्हातारे आहेत, पण ते आपापल्या फाटकाच्या आत खुर्ची टाकून बसतात. कृष्णेच्या काठी वसलेल्या गावात दोन शेजाऱ्यांनी एकत्र बसावे अशी एक पायरीदेखील या नव्या वस्तीने बांधलेली नाही.

वकीलसाहेब : या ठिकाणी मी आपल्या बाजूचा आहे, आणि कायदाही आपल्या बाजूचा आहे. रेखांकनातील खुली जागा मालकाची राहत नाही. ती त्या वसाहतीच्या उपभोगासाठी राखलेली असते. परंतु तिचा कब्जा कोणी मागत नाही. भूखंडधारक एकमेकांना ओळखीत नाहीत, त्यांचा संघ स्थापन होत नाही. नगरपालिकेला आणखी एका जागेची निगा नको असते. आणि ज्या हक्काची वहिवाट होत नाही तो हक्क कागदावर जिवंत राहून जमिनीवर मरतो. हा दोष मात्र एकट्या नव्या वस्तीचा नाही. कृष्णाबाईच्या उत्सवाची पंगत घाटावर बसते तेव्हा नव्या वसाहतीतल्या किती जणांना वाढायला बोलावले जाते? जुन्या आळ्यांतली मुले परगावी गेली, वाढपी मिळत नाहीत, अशी तक्रार आपणच माझ्यापाशी केली होती. ज्यांना बोलावलेच गेले नाही, त्यांनी फाटकाच्या आत खुर्ची टाकली तर नवल कसले? प्राज्ञपाठशाळेने खानदेशच्या आणि कोकणच्या मुलांना आत घेतले, म्हणून वाईचे नाव झाले. परक्याला आत घेण्याचा तो गुण जुन्या गावाचा असेल, तर तो आज जुन्या गावानेच आधी दाखवला पाहिजे.

गुरुजी : हे आपले म्हणणे मी स्वीकारतो, आणि घाटावरच्या मंडळींपुढे मांडीनही. परंतु त्याबरोबर मला असे वाटते, की केवळ हक्काच्या भाषेने गाव उभे राहत नाही. रास्त्यांना घाट बांधण्याची सक्ती कोणी केली नव्हती.

वकीलसाहेब : आणि घाट बांधला नसता तर जाब विचारण्याची सोयही कोणाला नव्हती. दाता उदार निघाला म्हणून घाट मिळाला. कृपण निघाला असता तर रयतेने कोणाकडे पाहिले असते? आजची स्थिती याच्या उलट आहे. घरपट्टी आपण भरतो, मत आपण देतो, अंदाजपत्रक आपल्या नावाने मंजूर होते. नदीत मिसळणारे सांडपाणी, खुल्या जागा, पुरेशा रुंदीचे रस्ते, या सर्वांचा जाब मागण्याचा अधिकार माझ्या खेड्यातून येऊन येथे खोली घेऊन राहिलेल्या मजुरालाही आहे. ही गोष्ट कोणत्याही पेशव्याच्या काळात नव्हती. आपल्याजवळ औदार्याचा वारसा आहे आणि आमच्याजवळ अधिकाराचा. दोन्ही वारसे वापरल्यावाचून निरुपयोगी आहेत.

दोघांच्या या बोलण्यातून मला जे दिसते ते असे. कसब्याच्या गावाचा स्वभाव त्याच्या दगडांच्या वयावरून ठरत नाही आणि त्याच्या वस्तीच्या आकड्यावरूनही ठरत नाही. आपल्या संपत्तीतील किती भाग ते अशा माणसांसाठी राखून ठेवते, की ज्यांच्याशी देणाऱ्याचे रक्ताचे, जातीचे किंवा व्यवहाराचे नाते नाही, यावरून तो ठरतो. सरंजामाच्या काळात हा भाग थोड्यांच्या मर्जीने राखला गेला आणि थोड्यांनाच आधी मिळाला. कुळकायदा, शाळा आणि एस. टी. यांनी तो मागण्याची शक्ती बहुतांच्या हाती दिली. गुंठ्याच्या काळात ती शक्ती हाती असूनही वापरली जात नाही, हे आजच्या आपल्या छोट्या गावांचे दुखणे आहे. आणि जमीन एकदा तुकड्यांत विकली गेली म्हणजे ती पुन्हा कोणालाही सर्वांसाठी परत मिळवून देता येत नाही, म्हणून या दुखण्याला वेळेची मर्यादाही आहे.

वकीलसाहेबांनी त्यावर एक व्यवहार्य उपाय सुचवला, आणि गुरुजींनी त्याला संमती दिली. मंजूर रेखांकनांतील खुल्या जागांची यादी, गट क्रमांक आणि क्षेत्रासह, नगरपालिकेकडून रीतसर अर्ज करून घ्यावी. वसंत व्याख्यानमालेतील एक संध्याकाळ एखाद्या पाहुण्या वक्त्याऐवजी या यादीच्या वाचनाला द्यावी. आणि त्या सभेला घाटावरची मंडळी, नव्या वसाहतींतील रहिवासी आणि खोरेकरी गावांतून येऊन येथे स्थायिक झालेले लोक या तिघांनाही घरी जाऊन निमंत्रण द्यावे. यादीतील प्रत्येक जागेपुढे ती सध्या कोणाच्या ताब्यात आहे हे लिहावे, आणि ज्या जागा मोकळ्या निघतील त्यांपैकी एक तरी जागा त्याच वर्षी तिघांनी मिळून साफ करून, झाडे लावून, बसण्याजोगी करावी. अर्जाचा मसुदा वकीलसाहेबांनी करावयाचा आहे, आणि निमंत्रणे देत घरोघर फिरण्याचे काम गुरुजींनी आपल्याकडे घेतले आहे.